ठिगळाखालचा तडा

१७ जून २००२, सोमवार. कॅलिफोर्नियाच्या पूर्व कडेला, नेवाडाच्या हद्दीजवळ वॉकर नावाचं एक लहानसं गाव आहे. गावालगतच्या डोंगरावर वणवा पेटला होता आणि तो आटोक्यात आणायला विमानं फेऱ्या मारत होती. दुपारी पावणेतीनच्या सुमाराला ‘टँकर १३०’ हे चार इंजिनांचं मोठं सी-१३० विमान धुराच्या कडेनं खाली आलं आणि त्यानं पोटातून लाल द्रव सोडायला सुरुवात केली. टाकी रिकामी होत आली तेवढ्यात उजवा पंख मुळापासून वर दुमडला. पुरता एक सेकंदही गेला नसेल, डावाही तसाच दुमडला. बिनपंखांचं धड कलंडत खाली गेलं आणि जमिनीवर आगीचा लोळ उठला. आत तिघे होते : स्टीव्ह वॉस, क्रेग लाबेअर आणि मायकेल डेव्हिस. तिघेही गेले.

हे सगळं टीव्हीच्या कॅमेऱ्यात आलं. तो काही सेकंदांचा तुकडा आजही जालावर सापडतो. पहिल्यांदा बघणारा बहुतेक जण ‘खोटं असणार, कॉम्प्युटरवर बनवलं असणार’ असंच म्हणतो. कारण विमानाचं इंजिन बंद पडतं, पायलट चुकतो, धुक्यात डोंगर दिसत नाही, हे सगळं आपण ऐकलेलं असतं. पण उडत्या विमानाचे दोन्ही पंख पतंगाच्या कामट्यांसारखे मोडून पडतात? तेही सी-१३० सारख्या दणकट विमानाचे, जे आपल्या हवाई दलानं २०१३ साली लडाखमध्ये दौलत बेग ओल्डीच्या कच्च्या धावपट्टीवर उतरवून दाखवलं? (आपलं नव्या ‘जे’ जातीचं, वॉकरचं सगळ्यात जुन्या ‘ए’ जातीचं. पण घराणं एकच.)

हे कसं झालं, त्याची ही गोष्ट. विमान जुनं होतं म्हणून पडलं, एवढं सांगून ती संपत नाही.

आधी ही विमानं नेमकं करतात काय ते बघू. आपल्याला वाटतं की वरून पाणी ओतायचं, आग विझवायची, झालं. प्रत्यक्षात मोठा वणवा वरून पाणी टाकून क्वचितच विझतो. ज्यांनी आमच्या नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरकडची सागाची जंगलं पाहिली असतील त्यांना वनखात्याची ‘जाळरेषा’ माहीत असेल. उन्हाळा लागायच्या आत जंगलात ठरावीक रुंदीचा पट्टा साफ करून, गवत जाळून मोकळा ठेवतात. वणवा तिथपर्यंत आला की त्याला खायला काही मिळत नाही आणि तो थांबतो. बिलोलीकडे आमच्या शेतकऱ्यांनाही हे कुणी शिकवावं लागत नाही. कडब्याच्या गंजीला आग लागली की पेटलेल्या गंजीवर कुणी घागरी रिकाम्या करत बसत नाही. ती गेलीच. सगळे धावतात ते शेजारची गंजी मोकळी करायला.

अग्निशमन विमान हेच करतं, फक्त आकाशातून. आगीच्या पुढ्यात, अजून न पेटलेल्या झाडांवर ते एक लांब ओला पट्टा ओढतं. त्यात नुसतं पाणी नसतं, कारण पाणी त्या उष्णतेत वाफ होऊन जातं. त्यात अमोनियम फॉस्फेटसारखे क्षार असतात, म्हणजे आपण ज्याला डीएपी म्हणून पेरतो त्याच कुळातलं खत. पाणी उडून गेलं तरी हे क्षार पानाफांद्यांवर बसून राहतात आणि त्यांना धडपणे पेटू देत नाहीत. लाल रंग लोहाच्या ऑक्साईडचा. तो एवढ्यासाठी की आधीच्या विमानाचा पट्टा कुठे संपला हे पुढच्या पायलटला वरून दिसावं.

आता हा पट्टा नीट पडायचा तर विमानाला जमिनीपासून दीड-दोनशे फुटांवर यावं लागतं. दीड-दोनशे फूट म्हणजे पुण्या-मुंबईतल्या पंधरा-वीस मजली टॉवरची उंची. तीही सपाट जागी नव्हे, डोंगरदऱ्यांत, धुरात आणि आगीनं खवळलेल्या हवेत. मग सुमारे १२ टन वजन काही क्षणांत टाकून द्यायचं आणि समोरचा डोंगर चुकवत वर चढायचं. दिवसातून अनेक वेळा. एखाद्या ट्रकवाल्याला भरला ट्रक खड्ड्यांतून जोरात न्यायला सांगून मध्येच सगळा माल एका झटक्यात ओतायला सांगावा, तसला प्रकार. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या धंद्याची सुरुवात मात्र अगदी गावठी जुगाडातून झाली. ९ जुलै १९५३ ला कॅलिफोर्नियातल्या मेंडोसिनो जंगलात ‘रॅटलस्नेक’ नावाच्या वणव्यात वारा अचानक फिरला आणि आग विझवणारे १५ जण त्यात सापडून मेले. त्या जंगलाच्या आगनियंत्रणाचं काम पुढे जो इली या अधिकाऱ्याकडे होतं. माणसं आगीच्या तोंडी न देता काही करता येईल का, असा त्याचा प्रश्न. जवळच विलोज नावाचं भातशेतीचं गाव होतं आणि तिथे शेतांवर विमानानं बी पेरणारे, फवारणी करणारे लोक होते. त्यांच्यातल्या फ्लॉइड नोल्टानं एका जुन्या दुपंखी स्टिअरमन विमानाच्या पोटाला भोक पाडलं, आत टाकी बसवली आणि खाली एक झडप लावली. मावायचं किती, तर १७० गॅलन, म्हणजे साधारण साडेसहाशे लिटर. आपल्या गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीपेक्षाही कमी. ऑगस्ट १९५५ मध्ये या विमानानं पहिल्यांदा खऱ्या वणव्यावर पाणी टाकलं. पुढच्याच वर्षी अशा सात विमानांची तुकडी उभी राहिली.

कल्पना चालली. मग मोठी विमानं हवी झाली. आणि अमेरिकेत तेव्हा मोठ्या विमानांना तोटा नव्हता. दुसरं महायुद्ध संपल्यावर बाँबफेकी विमानांच्या रांगाच्या रांगा वाळवंटात उभ्या होत्या, भंगाराच्या भावात. बी-१७, अॅव्हेंजर, प्रायव्हेटिअर. बाँबची जागा रिकामीच होती, तिथे टाकी बसवली की झालं टँकर. छोट्या खासगी कंपन्या ही विमानं घेत, दुरुस्त करत, चालवत, आणि यूएस फॉरेस्ट सर्व्हिस, म्हणजे तिथलं केंद्रीय वनखातं, त्यांना हंगामापुरतं कंत्राट देई. सगळ्यांचाच फायदा. खात्याला स्वतःची विमानं पोसायला नकोत, कंपनीला धंदा आणि पायलटला थरार.

टँकर १३० चं आयुष्यही असंच. विमान १९५७ चं. अमेरिकी हवाई दलात मालवाहू म्हणून राबलं, १९७८ मध्ये निवृत्त झालं आणि वाळवंटात उभं राहिलं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी फॉरेस्ट सर्व्हिसनं एक अदलाबदलीची योजना काढली. कंत्राटदार कंपन्यांनी त्यांच्याकडची जुनी ऐतिहासिक विमानं सैन्याच्या संग्रहालयांना द्यायची आणि बदल्यात निवृत्त सी-१३० आणि पी-३ घ्यायची. या योजनेचे व्यवहार पुढे कोर्टापर्यंत गेले, पण तो वेगळा विषय. १९८८ मध्ये हे विमान त्या वाटेनं वायोमिंग राज्यातल्या ग्रेबुल गावच्या ‘हॉकिन्स अँड पॉवर्स’ या कंपनीकडे आलं. पोटात ३००० गॅलनची, म्हणजे ११ हजार लिटरहून मोठी टाकी बसली. अपघाताच्या दिवशी विमानाचं वय ४५ च्या आसपास होतं आणि त्याचे उड्डाणाचे तास २१ हजारांच्या वर गेले होते.

इथे कुणी म्हणेल, बघा, जुनंच होतं की! पण थांबा. नुसतं वय विमान पाडत नाही. १९५० च्या दशकातली विमानं अजूनही कुठे कुठे व्यवस्थित उडतात. प्रश्न असतो थकव्याचा.

आमच्यातले जे मेकॅनिकल करून आयटीत आले (आणि असे ढीगभर आहेत) त्यांना दुसऱ्या वर्षाचा ‘एस-एन कर्व्ह’ आठवत असेल. बाकीच्यांसाठी सोपं सांगतो. बांधकामावर सळया बांधायची बारीक तार असते ना, ती दोन हातांनी ताणून तोडायचा प्रयत्न करा. तुटणार नाही. तीच तार एका जागी इकडून तिकडे, तिकडून इकडे वाकवत राहा. दहा-पंधरा वेळा वाकवली की टचकन तुटते. प्रत्येक वाकवणं तारेला सहज सोसतं, तरी तार तुटते. यालाच धातूचा थकवा म्हणतात. आत कुठेतरी सूक्ष्म तडा जातो. दर फेरीला तो केसभर वाढतो. बाहेरून काहीच दिसत नाही. आणि उरलेला धातू भार पेलायला कमी पडला की एका क्षणात सगळं संपतं.

विमानाच्या जगाला हे १९५४ मध्येच कळलं होतं. ब्रिटनचं ‘कॉमेट’, जगातलं पहिलं प्रवासी जेट, त्या वर्षी तीन महिन्यांच्या आत दोन वेळा हवेतच फुटलं. चौकशीत विमानाचं अख्खं धड पाण्याच्या हौदात बुडवून त्यात पुन्हा पुन्हा दाब भरला-सोडला आणि खिडकीच्या कोपऱ्याशी थकव्याचा तडा सापडला. तेव्हापासून विमानाचा प्रत्येक महत्त्वाचा भाग किती फेऱ्या सोसेल याचा हिशेब ठेवायची पद्धत आली. पण हिशेब कसला? तर विमान ज्या कामासाठी बनलं त्या कामाचा. सी-१३० माल भरून चढणार, काही तास उडणार आणि उतरणार. त्यात पंखाला किती झटके बसतील याचे अंदाज होते आणि तपासणीचं वेळापत्रक त्यावर बेतलेलं होतं.

आता वरचा ट्रक आठवा. वणव्यावरचं एक तासाचं उड्डाण आणि मालवाहतुकीचं एक तासाचं उड्डाण, लॉगबुकात दोन्ही एकच तास. पंखाच्या मुळाशी मात्र त्यांची किंमत फार वेगळी. विमानाचं काम बदललं, पण त्याच्या थकव्याचं नवं गणित कुणी मांडलं नाही. जुन्या लष्करी पद्धतीवरच्या तपासण्या होत राहिल्या. कागदावर सगळं वेळेवर.

अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबी या अमेरिकी संस्थेनं वॉकरचे तुकडे गोळा करून तपासले. उजव्या पंखाच्या मुळाजवळ, खालच्या पत्र्यावर सुमारे १२ इंच लांबीचा थकव्याचा तडा होता. तो दोन रिव्हेटच्या भोकांपासून सुरू झाला होता. दोन वेगवेगळे तडे वाढत वाढत एकमेकांना मिळाले आणि एक झाले. १२ इंच म्हणजे शाळेतली आख्खी पट्टी! एवढा मोठा तडा कुणाला कसा दिसला नाही?

दिसला नाही, कारण त्याच्यावर दुसरा पत्रा होता. त्याला डबलर म्हणतात. आपल्या भाषेत ठिगळ. आमच्याकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं चासी जिथे जास्त ताण घेतं तिथे वेल्डिंगवाला वरून एक पट्टी मारून देतो, तसंच. पण हे ठिगळ कुणा कामचुकार मेकॅनिकनं लपवाछपवी करायला लावलेलं नव्हतं, विमान बनवणाऱ्या कंपनीनंच मजबुतीसाठी बसवलं होतं. आणि तडा गेला नेमका त्याच्या खालच्या पत्र्याला. नुसत्या डोळ्यांनी तपासणारा माणूस कितीही प्रामाणिक असला, टॉर्च घेऊन कितीही वेळ पंखाखाली उभा राहिला, तरी त्याला वरची चकचकीत पट्टीच दिसणार. तडा सापडायला क्ष-किरण, अल्ट्रासाऊंड किंवा तसल्याच पद्धती लागतात. आणि त्या नेमक्या कुठे लावायच्या हे सांगायला कुणीतरी आधी थकव्याचं गणित केलेलं असावं लागतं. ते नव्हतं. एनटीएसबीनं कारण म्हणून पंखातला थकव्याचा तडा सांगितला आणि त्याला हातभार लावणारी गोष्ट म्हणून तो पकडू न शकणारी तपासणीपद्धत.

या गोष्टीतलं सगळ्यात अस्वस्थ करणारं प्रकरण मात्र याच्या आठ वर्षं आधीचं आहे.

१३ ऑगस्ट १९९४. कॅलिफोर्नियातच, पेअरब्लॉसम गावाजवळ, वणव्यावर निघालेलं असंच एक सी-१३० ए हवेत फुटून पडलं. तेही तिघे गेले. पंखाच्या मुळाशी लखकन उजेड झाल्याचं पाहणाऱ्यांनी सांगितलं. तेव्हाच्या चौकशीत निष्कर्ष निघाला की इंधनाचा स्फोट झाला आणि त्यानं पंख तुटला. फाईल बंद. वॉकरनंतर एका खासगी तपासनीसानं त्या जुन्या जागी पडून राहिलेले तुकडे पुन्हा शोधले. एनटीएसबीनं ते तपासले, तर थकव्याच्या खुणा निघाल्या. पंख आधी तुटला होता आणि आग नंतर लागली होती. म्हणजे कार्यकारण उलटं वाचलं गेलं होतं. एनटीएसबीनं आपला निष्कर्ष बदलला, हा त्यांचा मोठेपणा. पण मधली आठ वर्षं? त्या आठ वर्षांत त्याच जातीची विमानं तसलेच पंख घेऊन, त्याच डोंगरांत, दर उन्हाळ्यात उडत राहिली. डोंगराच्या उतारावर पडलेल्या तुकड्यांत उत्तर होतं आणि त्याला सुरकुत्या पडेपर्यंत कुणी हात लावला नाही.

आपल्या धंद्यात प्रॉडक्शनला काही कोसळलं की ‘रूट कॉज’चं एक डॉक्युमेंट लिहावं लागतं. शुक्रवारी संध्याकाळी ते लिहिताना पहिलं पटण्याजोगं कारण सापडलं की बोटं आपोआप ‘क्लोज’कडे जातात. आपल्याकडे फार तर सोमवारी सर्व्हर पुन्हा पडतो. पेअरब्लॉसमचं कारण चुकलं त्याची किंमत वॉकरला मोजली गेली.

आणि वॉकरवरही ते थांबलं नाही. बरोब्बर एक महिना आणि एक दिवसानं, १८ जुलै २००२ ला, कोलोरॅडोत एस्टेस पार्कजवळ ‘टँकर १२३’ पडलं. याचाही पंख उडत्या विमानापासून तुटला, या वेळी डावा. रिक श्वार्ट्झ आणि मिल्ट स्टोलॅक हे दोघे त्यात गेले. विमान होतं प्रायव्हेटिअर, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं. मालक कंपनी तीच, हॉकिन्स अँड पॉवर्स. कारणही तेच, थकव्याचा तडा. आणि तोही अशा जागी, जी आतल्या रसायनाच्या टाक्यांमुळे नजरेआड राहत होती. वॉकरला ठिगळ आड आलं, इथे टाकी. म्हणजे विमानाला ज्या वस्तूनं अग्निशमन विमान बनवलं, तीच वस्तू तडा झाकून बसली होती.

आता सरकार हललं. एक समिती नेमली गेली. तिच्या दोन अध्यक्षांपैकी एक होते एनटीएसबीचे माजी प्रमुख जिम हॉल. डिसेंबर २००२ मध्ये अहवाल आला. त्यातलं एक वाक्य हादरवणारं आहे, त्याचा आशय असा : या पायलटांचा मृत्यूदर जर जमिनीवर आग विझवणाऱ्यांना लावला, तर दरवर्षी २०० हून जास्त जवान कामावर मेले असते. दरवर्षी २०० जवान मेले असते तर देश पेटून उठला असता. इथे एकेका विमानात दोघे-तिघेच असतात. एका हंगामात एक, पुढच्यात एखादं. १९५८ पासून अशी १३० हून जास्त माणसं गेली आणि ‘या कामात धोका असतोच’ म्हणून ते पचवलं गेलं. सी-१३० ए आणि प्रायव्हेटिअर कायमची जमिनीवर आली.

पण समितीनं आणि पुढे एनटीएसबीनं बोट ठेवलं ते एका साध्या प्रश्नावर. ही विमानं उडायला धड आहेत, हे बघायचं काम नक्की कुणाचं?

कंपनी म्हणे, आम्ही ठरलेल्या सगळ्या तपासण्या करतो, कागद बघा. फॉरेस्ट सर्व्हिस म्हणे, आम्ही आगीवाले लोक, आम्हाला विमानाच्या पंखातलं काय कळतं. विमानाकडे एफएएचा परवाना आहे ना? एफएए, म्हणजे तिथलं डीजीसीए, म्हणे की परवाना दिला खरा, पण सरकारी कामावर उडणारी विमानं आमच्या देखरेखीत येत नाहीत. विमान बनवणारे म्हणणार, आम्ही हे या कामासाठी बनवलंच नव्हतं. प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या जागी खरं. आणि या चार खऱ्या म्हणण्यांच्या मधोमध एक रिकामी जागा, जिथे कुणीच उभं नव्हतं. तिथून एवढा मोठा तडा आरामात निघून गेला.

एप्रिल २००४ मध्ये एनटीएसबीनं स्पष्ट सांगितलं की ज्या खात्याच्या कामासाठी विमान उडतं, सुरक्षिततेची मुख्य जबाबदारी त्या खात्याची. मे महिन्यात, ऐन वणव्यांच्या तोंडावर, फॉरेस्ट सर्व्हिस आणि अंतर्गत खात्यानं ३३ मोठ्या टँकरांची कंत्राटं एकदम रद्द केली. खूप ओरड झाली. लोकांची घरं जळतील आणि तुम्ही विमानं उभी करता? ओरड करणारेही चूक नव्हते. नंतर काही विमानं, मुख्यतः पी-३, नीट तपासून पुन्हा कामाला लागली. पुढच्या काळात विमानांवर सेन्सर बसवून पंखाला प्रत्यक्ष किती भार येतो ते मोजायची पद्धत आली. हॉकिन्स अँड पॉवर्स काही वर्षांत बंद पडली आणि तिची विमानं लिलावात निघाली.

पैशाचा मुद्दाही इथेच आहे. समितीनं म्हटलं होतं की ज्या पद्धतीनं ही विमानं घेतली, प्रमाणित केली आणि कंत्राटावर चालवली जातात, ती पद्धत टिकणारी नाही. भंगाराच्या भावात मिळालेलं विमान स्वस्त वाटतं. त्याच्या थकव्याचा अभ्यास, क्ष-किरण तपासणी, पंख उघडून बघणं, हे सगळं महाग असतं. कंत्राटात विमानाचे पैसे असतात, या अभ्यासाचे नसतात. मग ते पैसे कोण देणार? कुणीच दिले नाहीत. म्हणजे विमान स्वस्त कधीच नव्हतं, फरक एवढाच की त्याचं बिल पायलटांच्या नावावर फाटत होतं.

हे सगळं अमेरिकेतलं असलं तरी ओळखीचं वाटतं ना? १४ मार्च २०१९ ला मुंबईत सीएसएमटीजवळचा हिमालय पूल संध्याकाळच्या गर्दीत पडला. पडायच्या काही काळ आधीच त्याचं स्ट्रक्चरल ऑडिट झालं होतं आणि पुलाला किरकोळ दुरुस्ती पुरेल असं त्यात निघालं होतं. पूल पडल्यावर पहिला वाद कसला, तर पूल पालिकेचा की रेल्वेचा! ऑडिट झालं, शिक्का बसला, फाईल लागली. ऑडिट करताना कुणी पट्टीखाली बघितलं का, हा प्रश्न माणसं मेल्यावर विचारला गेला.

आपल्या हापिसातलंही वेगळं नाही. पंधरा वर्षांपूर्वी दिवसाला हजार व्यवहारांसाठी लिहिलेलं सॉफ्टवेअर असतं. लिहिणारे केव्हाच सोडून गेलेले असतात. आज त्यावर दिवसाला लाख व्यवहार चालतात. वर तीन-चार ठिगळं असतात. मॉनिटरवर हिरवा दिवा असतो. आणि मीटिंगमध्ये कुणी विचारलं की याचं काय करायचं, तर ठरलेलं उत्तर येतं : ‘चालतंय ना? मग हात लावू नका.’ चालतंय याचा अर्थ आजपर्यंत पडलं नाही, एवढाच. टँकर १३० सुद्धा १७ जूनच्या दुपारपर्यंत व्यवस्थित चालत होतं. त्याच दिवशी ते उडालं, उतरलं, पुन्हा उडालं. हिरवा दिवाच होता.

मग नवी विमानं आणली, सेन्सर बसवले की प्रश्न सुटला का? थोडाफार. आज अमेरिकेत जुन्या प्रवासी जेटना टाक्या लावून वणव्यावर नेतात आणि पंख तुटण्याचे अपघात मागे पडलेत. पण रिकामी जागा नवीन रूपात परत येते. २३ जानेवारी २०२० ला, ऑस्ट्रेलियाच्या त्या भयंकर उन्हाळ्यात, न्यू साऊथ वेल्समध्ये कूमाजवळ एक सी-१३० टँकर पडला. तिघे अमेरिकन होते आणि तिघेही गेले. या वेळी पंख शाबूत होते. डोंगरावरून येणाऱ्या वाऱ्यात सापडून विमानाचा वेग पडला आणि सावरायला उंची उरली नाही. चौकशीत एक गोष्ट निघाली. टँकरच्या पुढे जाऊन जागा हेरणारं एक लहान विमान असतं, त्याला बर्डडॉग म्हणतात. त्या दिवशी हवामान बघून बर्डडॉगच्या पायलटनं जायला नकार दिला होता. तो नकार आणि त्यामागचं कारण टँकरच्या क्रूपर्यंत नीट पोचलंच नाही. म्हणजे तडा होता, या वेळी माहितीच्या वाटेत. वरून कामकाज सुरळीत दिसत होतं.

आपल्याकडे अशी मोठी टँकर विमानं नाहीत. मोठा वणवा लागला की हवाई दलाची एमआय-१७ हेलिकॉप्टरं खाली बादली बांधून तळ्यातून पाणी नेतात. २०१६ आणि २०२४ साली उत्तराखंडात ती भीमताल तलावातून पाणी उचलत होती. उन्हाळे तापतायत, जंगलं वाळतायत, तेव्हा उद्या आपल्याकडेही कुणीतरी म्हणेल की परदेशात असतात तशी टँकर विमानं घ्या. घ्यावीतही. स्वस्तात सेकंडहँड मिळतील, कंत्राटदारही उभे राहतील. तेव्हा विचारायचा प्रश्न मात्र टाकी किती लिटरची हा नसावा. हे विमान आधी कोणत्या कामासाठी बनलं होतं, नव्या कामात त्याच्या पंखाला काय सोसावं लागेल हे कुणी मोजलंय, आणि तडा निघाला तर जमिनीवर उभं करायची सही कुणाची, हे प्रश्न असावेत. उत्तरात एका माणसाचं किंवा एका खात्याचं नाव यायला हवं. ‘संबंधित यंत्रणा’ हे उत्तर चालणार नाही.

वॉकरच्या त्या तिघांनी त्या दिवशी उड्डाणाआधी विमानाभोवती फेरी मारून, पंखाखाली वाकून बघितलं असणार. कुठलाही पायलट बघतोच. त्यांना दिसलं तेवढं सगळं ठीक होतं. जे दिसत नव्हतं ते बघणं त्यांचं काम नव्हतं. ते ज्यांचं काम होतं, त्यांच्यात ते आपलंच आहे असं कुणालाच वाटत नव्हतं.